आडवा आठ

नळाच्या तोट्या, मिक्सरची झाकणं आणि पाय तुटलेली शेगडी यांच्या मधोमध ती पडली होती, कॅमेऱ्याची एक जुनी लेन्स. पुण्याच्या मंगळवार पेठेतला जुना बाजार, रविवारची सकाळ. मी पितळी डबे बघायला गेले होते. हातात घेतल्यावर आधी वजन जाणवलं. पाव किलोला थोडं कमी, आणि सगळं वजन धातूचं आणि काचेचं. "दुर्बिणीचा पार्ट आहे ताई, चालू आहे," विकणारा म्हणाला. काचेभोवतीच्या पट्टीवर बारीक पांढऱ्या अक्षरांत हेलिओस-४४-२ हे नाव, पुढे २/५८, मग ‘मेड इन यूएसएसआर’ आणि ७७ ने सुरू होणारा लांबलचक नंबर. नावाशेजारी एक चिन्ह, किरण आरपार गेलेला लोलक. ते मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्याचं, आणि नंबरातले पहिले दोन आकडे म्हणजे लेन्सचं जन्मसाल, १९७७, हे मला बरंच नंतर कळलं.

तेव्हा माझ्याकडे ती लावायला कॅमेराच नव्हता. बहुतेक जण आधी कॅमेरा घेतात आणि मग त्याला लेन्स शोधतात. माझ्याकडे लेन्स आधी आली, आणि पुढची दोन वर्षं मी तिच्यासाठी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, शोधत फिरले. त्या फिरण्यात जे हाताला लागलं ते लिहून ठेवावंसं वाटतंय, कारण जुन्या लेन्सेस अजूनही बाजारात, माळ्यावर, बंद पडलेल्या स्टुडिओंच्या कपाटात पडून आहेत. त्यातल्या कितीतरी चांगल्या लेन्सेस ‘बसत नाही’ किंवा ‘बसली पण चालत नाही’ एवढ्यावरून पुन्हा अडगळीत जातात.

कॅमेरा नव्हता त्या दिवसांत मी एक खेळ करायचे. दुपारी खोलीतला दिवा घालवायचा, खिडकीसमोरच्या भिंतीपाशी उभं राहायचं आणि लेन्स भिंतीजवळ धरून हळूहळू मागेपुढे करायची. एका जागी येताच भिंतीवर खिडकीबाहेरचा शेवगा उलटा उभा राहायचा. पानं हलताना दिसायची, रंगासकट. लेन्स केसभर पुढे सरकली की झाड विरघळायचं, मागे आणली की पुन्हा जमायचं. लेन्सचं बूड आणि भिंत यांच्यात त्या क्षणी साडेचार सेंटिमीटरच्या आसपास अंतर असायचं. पुढची सगळी भानगड या अंतराचीच असणार आहे, याची तेव्हा कल्पना नव्हती.

या लेन्सला उजेड आत येण्याचं छिद्र लहानमोठं करायला दोन रिंगा आहेत. पुढची रिंग टक् टक् आवाज करत आकड्यांवर थांबते. २, २.८, ४, ५.६ असं करत १६ पर्यंत. तिच्यामागची रिंग मात्र आवाज न करता लोण्यासारखी फिरते. पुढच्या रिंगेने ठरवायचं की छिद्र किती लहान करायचं आहे. मागची रिंग उघडी ठेवून, भरपूर उजेडात फोकस साधायचा. मग डोळा न हलवता मागची रिंग फिरवायची. ती ठरवलेल्या आकड्यावर जाऊन अडते, आणि आत आठ पाती गोल घेरा धरून मिटतात. हे दोन हातांचं काम आहे. एवढी खटपट का, तर ज्या रशियन झेनिट कॅमेऱ्यांसाठी ही लेन्स बनली त्यांच्यात बटण दाबल्यावर पाती आपोआप मिटवणारी यंत्रणाच नव्हती. कॅमेऱ्याने जे करायचं ते काम लेन्सने माणसाच्या बोटांकडे सोपवलं. पण त्यामुळेच ही लेन्स कुठल्याही बॉडीवर उपाशी राहत नाही. तिला बॉडीकडून ना दांडी लागते, ना खिट्टी, ना वीज. बॉडीशी तिचं देणंघेणं दोनच गोष्टींचं, मागचे आटे आणि ते अंतर.

पहिली बॉडी मिळाली ती मैत्रिणीची. ती लग्नांचे फोटो काढायची तेव्हापासूनचा तिचा निकॉन एफएम२. यंत्रावर चालणारा, बॅटरी संपली तरी शटर न थांबणारा कॅमेरा. हेलिओसला मागे ४२ मिलिमीटर व्यासाचे, एक मिलिमीटर अंतराचे आटे आहेत. या जातीला एम४२ म्हणतात. निकॉनला आटे नाहीत, त्याला बायोनेट आहे, म्हणजे लेन्स घालून पाव वळसा फिरवला की खट्‌ करून बसते. मी एम४२ची निकॉनवर बसणारी रिंग मागवली. लेन्स रिंगेत, रिंग कॅमेऱ्यात. बसली! पहिला रोल मैत्रिणीच्या स्वयंपाकघरात संपवला. तिची मावशी ओट्यापाशी लसूण सोलत होती. मावशीच्या पापण्यांचा केस न्‌ केस आला आणि तिच्यामागे खिडकीबाहेरच्या पानांतला उजेड गोल गोल भोवऱ्यासारखा फिरलेला. हेलिओसची हीच ओळख. तिची रचना मुळात झाइस या जर्मन कंपनीच्या बायोटार लेन्सवरून घेतलेली, युद्धानंतर जर्मनीतून रशियात गेलेली. कडेच्या उजेडाला ती असा पीळ देते की माणूस त्याच्या मधोमध शांत बसलेला दिसतो.

मग एका सकाळी आम्ही पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढून वर गेलो. पाऊस होऊन हवा धुतली गेली होती. नैर्ऋत्येला सिंहगड आणि त्यावरचा मनोरा स्वच्छ दिसत होता. मी कॅमेरा डोळ्याला लावला, फोकसची रिंग फिरवली. मनोरा दिसेना. रिंग आणखी फिरवली. डोंगराची कड मऊ झाली, पण धारेला येईना. रिंग शेवटाला अडली. लेन्सवर त्या जागी आडवा आठ कोरलेला असतो, अनंताची खूण. दगडी कठडा सुद्धा, जो माझ्यापासून चार पावलांवर होता, नीट येत नव्हता. रिंग उलटी फिरवून, हात लांब करून स्वतःची बोटं पाहिली, ती लख्ख. लेन्स जवळचं सगळं बघत होती आणि लांबचं काहीच नाही. "हिला चष्मा लागलाय," मैत्रीण म्हणाली. तिला वाटलं लेन्स खराब आहे. मलाही तेच वाटलं, आणि बाजारातून फसून आल्याचं वाईट वाटत मी खाली उतरले.

लेन्स खराब नव्हती.

लेन्स जिथे बॉडीला टेकते तिथपासून फिल्मच्या पातळीपर्यंत प्रत्येक कॅमेऱ्यात एक ठरलेलं अंतर असतं. एम४२ कॅमेऱ्यांत ते ४५.४६ मिलिमीटर आहे. निकॉनमध्ये ४६.५. माझ्या लेन्सला फिल्म ४५.४६ वर हवी होती आणि निकॉनमध्ये ती १.०४ मिलिमीटर मागे होती. वर रिंगेची स्वतःची जाडी एक मिलिमीटर. म्हणजे लेन्स दोन मिलिमीटर पुढे येऊन उभी राहिली होती, भिंतीपासून केसभर पुढे धरल्यावर शेवगा विरघळायचा तशी.

लेन्स पुढे सरकवणं म्हणजेच जवळचं फोकस करणं. फोकसची रिंग तेच काम करते. माझी लेन्स त्या दोन मिलिमीटरमुळे आडव्या आठावर असतानाच जवळचं फोकस करून बसली होती. किती जवळचं, ते न्यूटनच्या सूत्राने बिलाच्या पाठीवर काढता येतं. फोकल लांबीचा, म्हणजे लेन्सवर कोरलेल्या ५८ मिलिमीटरचा, वर्ग घ्यायचा आणि जादा अंतराने भागायचं. ५८ गुणिले ५८, ३३६४. भागिले २, १६८२ मिलिमीटर. जेमतेम पावणेदोन मीटर. मावशी ओट्यापाशी होती दीड मीटरवर, म्हणून तिच्या पापण्या आल्या. सिंहगड पर्वतीपासून १७-१८ किलोमीटरवर. रिंग शून्य जाडीची करता आली असती तरी ३३६४ भागिले १.०४, म्हणजे सव्वातीन मीटरच्या आसपास गाडी थांबली असती. हे गणित सुटलं त्या रात्री मला फार हलकं वाटलं. बाजारातल्या माणसाने खरंच सांगितलं होतं, चालू होती ती.

एकदा हे अंतर कळलं की सगळी जुनी घराणी त्याच्या क्रमाने उभी दिसायला लागतात. कॅनन एफडी ४२, मिनोल्टा ४३.५, एम४२ आणि पेंटॅक्स के ४५.४६, ऑलिंपस ओएम ४६, निकॉन ४६.५. लेन्स मोठ्या आकड्याच्या घराण्यातली आणि बॉडी लहान आकड्याची असेल, तर मधला फरक रिंगेच्या जाडीने भरून निघतो. निकॉनची लेन्स कॅनन एफडीच्या बॉडीवर साडेचार मिलिमीटरच्या रिंगेने सुखाने नांदते. कॅननने त्या काळी इतरांच्या लेन्सेससाठी अशा रिंगा स्वतःच विकल्या. उलट जायचं म्हटलं तर मिलिमीटर काढून टाकावे लागतात, आणि धातूची रिंग काही काढू शकत नाही, घालूच शकते. म्हणून निकॉनच्या लेन्सेस सगळीकडे पाहुण्या जातात आणि निकॉनच्या बॉडीला जवळपास कुणीच पाहुणा चालत नाही. मी नेमकी तीच बॉडी निवडली होती.

रिंगेत एक भिंग बसवून हा दोष घालवणारे अडॅप्टरही मिळतात. मला ते पटत नाहीत. ज्या काचेसाठी आपण एवढा जीव टाकतो तिच्यामागे एक हलकी काच उभी करायची, म्हणजे गाणाऱ्याच्या तोंडासमोर कापड धरण्यासारखं आहे.

आटे जुळले म्हणजे लेन्स जुळली, हा समज सगळ्यात महागात पडतो तो ३९ मिलिमीटरच्या आट्यांत. लाइकाच्या जुन्या कॅमेऱ्यांना ३९चे आटे. त्यांच्यावरून सोव्हिएत संघात बनलेल्या फेड आणि झॉर्की कॅमेऱ्यांना ३९चेच. आणि सुरुवातीच्या झेनिटलाही ३९चेच. पण लाइकाच्या जातीत लेन्समागे आरसा नाही, म्हणून फिल्म २८.८ मिलिमीटरवर असते. झेनिटमध्ये लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा वरखाली होतो, त्याला जागा हवी, म्हणून ४५.२. झेनिटची लेन्स फेडवर छान फिरत फिरत बसते. फेडमध्ये बघायची खिडकी वेगळी असते, लेन्समधून दिसतच नाही, त्यामुळे काही चुकतंय याचा पत्ताही लागत नाही. ३६ फोटो काढायचे, रोल धुवून आणायचा आणि मग ३६ वेळा धुकं बघायचं. युद्धापूर्वीच्या सुरुवातीच्या फेड कॅमेऱ्यांत तर हे अंतर एकसारखं ठरलेलंही नव्हतं, एकेका बॉडीला तिची तिची लेन्स जमवून दिलेली असायची. दोन कॅमेऱ्यांच्या लेन्सेसची अदलाबदल झाली की दोन्ही बिघडले. त्या लेन्सेसबद्दल मला का कोण जाणे फार वाटतं. बॉडी गेली की त्यांना कुठेच घर नाही.

निकॉनच्या बाबतीत माझ्या हातून याहून वाईट घडलं. हेलिओस चालत नाही म्हटल्यावर मी ठरवलं, निकॉनला निकॉनचीच लेन्स. साठच्या दशकातली ५० मिलिमीटर एफ/२ची निकॉर मिळाली, काच स्वच्छ, छिद्राच्या रिंगेवर सशाच्या कानांसारखी धातूची दोन पाती उभी. निकॉनने १९५९ साली एफ कॅमेऱ्याबरोबर जे बायोनेट आणलं तेच अजून चालतं, एवढं माहीत होतं. नाव एक, बायोनेट एक, अंतर एक. मैत्रिणीच्या एफएम२ वर लेन्स ठेवली, फिरवली. अर्ध्यात अडली. मी जोर लावला.

बुधवार पेठेत एका जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर कॅमेरे दुरुस्त करणारे एक काका बसतात. त्यांनी डोळ्याला भिंग लावून बॉडीचं तोंड पाहिलं. "जोर लावलात ना ताई?" मी हो म्हटलं. त्यांनी पेचकसाच्या टोकाने दाखवलं. बॉडीच्या तोंडाभोवती एक पातळ फिरती कडी असते, तिला नखाएवढी एक जीभ. लेन्सची छिद्राची रिंग त्या जिभेला ढकलते आणि कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला कळतं की छिद्र कितीवर आहे. ही पद्धत १९७७ ची, तिला एआय म्हणतात. त्याआधीच्या लेन्सेस ती माहिती सशाच्या कानांतून सांगत. त्यांच्या रिंगेची कड सरळ आहे, जिभेसाठी खाच नाही, म्हणून ती कड जिभेवर चढते आणि तिला दाबून मोडते. "एफएमला, एफईला ही जीभ दुमडून ठेवता येते. एफएम२ला नाही. आकडा एकच वाढला, पण ही सोय गेली." जीभ वाकली होती आणि मीटर दोन पायऱ्या चुकीचं सांगत होतं.

कॅमेरा तीन आठवडे त्यांच्याकडे होता. मैत्रीण मला काही बोलली नाही. फक्त एकदा म्हणाली, "त्याच्यावर माझी पहिली सगळी लग्नं आहेत गं." खर्च मी दिला, तिने घेतला, आणि ते वाक्य अजून माझ्याजवळ आहे.

काकांनी ती निकॉरही ठेवून घेतली. छिद्राची रिंग सोडवली, व्हाइसमध्ये कापडात गुंडाळून धरली आणि बारीक कानशीने तिची कड मागे घेतली. दर पाचसहा घासांनी थांबून माप घ्यायला व्हर्नियर लावायचे, फुंकर मारायचे, पुन्हा घासायचे. ॲल्युमिनियमची चांदीसारखी भुकटी वर्तमानपत्रावर जमत होती. त्या काळी निकॉन स्वतः जुन्या लेन्सेसना नव्या रिंगा बसवून द्यायचं, असं त्यांनी सांगितलं. आता कानसच. मी तासभर बघत बसले होते. शेवटी त्यांनी लेन्स जोडून बॉडीवर ठेवली, दोन बोटांनी फिरवली, खट्‌. जीभ रिंगेबरोबर पुढे गेली आणि मागे आली.

"आणि तुमची ती रशियन?" त्यांनी विचारलं. "तिला कशाला निकॉनच्या दारात उभी करता? तिची माणसं भरपूर आहेत."

खरंच भरपूर होती. एम४२चे आटे लोकांपुढे आले ते ड्रेस्डेनच्या झाइस इकॉनच्या कॉन्टॅक्स एस या कॅमेऱ्यात, १९४९ साली. पुढे प्राक्टिकाने ते घेतले, जपानमध्ये असाही पेंटॅक्सने घेतले, मग याशिका, फुजिका, रिको, चिनॉन, झेनिट. पूर्व जर्मनी, रशिया आणि जपान यांच्या लेन्सेस एकमेकींच्या कॅमेऱ्यांवर फिरत होत्या. जगाच्या राजकारणात ज्या काळी इकडचं तिकडे जाणं कठीण होतं त्या काळात हे आटे तेवढे एक होते, आणि मला त्याचं मनापासून अप्रूप आहे. नंतर नंतर मीटरच्या सोयीसाठी एकेका कंपनीने आपापली जादा खिट्टी, जादा संपर्कबिंदू घातले आणि फुजिकाची एखादी लेन्स दुसऱ्याच्या बॉडीवर अडखळायला लागली. हेलिओसला मात्र खिट्टीच नाही, त्यामुळे ती या भांडणांच्या बाहेर राहिली.

पेंटॅक्सने १९७५ मध्ये आटे सोडून के बायोनेट आणलं, पण अंतर ४५.४६ च ठेवलं. या निर्णयासाठी त्या माणसांना नमस्कार करावा असं मला वाटतं. ज्यांच्याकडे आट्यांच्या लेन्सेस होत्या त्यांना वाऱ्यावर न सोडता पुढे जायचं त्यांनी ठरवलं. १९८७ साली कॅननने ईएफ बायोनेट आणताना अंतर ४२ वरून ४४ केलं, आणि एफडीच्या सगळ्या लेन्सेस एका दिवसात दोन मिलिमीटरनी पोरक्या झाल्या. त्याला तांत्रिक कारणं होती, मान्य. पण ज्यांनी हप्त्याने त्या लेन्सेस घेतल्या होत्या त्यांचाही विचार मनात येतोच. आजच्या मिररलेस कॅमेऱ्यांत आरसा नसल्याने अंतर १६-१८-२० मिलिमीटरवर आलंय, सगळ्या जुन्या लेन्सेस त्यांच्यावर चालतात आणि त्यांना पुन्हा भाव आला. मला ते आवडतं, पण माझा जीव फिल्ममध्ये अडकलेला आहे.

माझा पेंटॅक्स के१००० रत्नागिरीहून आला, मैत्रिणीच्या आत्याच्या घरून. त्याच्या लेन्सला बुरशीने खाल्लं होतं. कोकणातल्या पावसाळ्यात बंद कपाटात चामड्याच्या पिशवीत ठेवलेल्या लेन्सचं जे होतं तेच. काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे, आणि धागे काढले तरी काचेवरच्या लेपावर त्यांचे ओरखडे. बॉडी मात्र ठणठणीत. एका लेन्सवाचून राहिलेली बॉडी आणि बॉडीवाचून राहिलेली लेन्स. मधे फक्त एक रिंग हवी होती, आणि तिथेही काकांनी आधीच बजावलं होतं, "कड असलेली घेऊ नका." पेंटॅक्सची स्वतःची रिंग बॉडीच्या तोंडात पूर्ण आत जाते, लेन्स थेट बॉडीला टेकते, मध्ये काही उरत नाही. स्वस्तातल्या काही रिंगांना बाहेर मिलिमीटरभर कड असते, ती बॉडी आणि लेन्सच्या मध्ये येते आणि मग ३३६४ भागिले १, पुन्हा साडेतीन मीटरच्या आत अडकायचं. मी खरी रिंग शोधायला चार महिने घेतले.

रिंग बसवल्यावर लगेच रोल घालायचं धाडस झालं नाही. आधी तपासायचं ठरवलं. मैत्रिणीला घेऊन पुन्हा पर्वतीवर गेले. के१०००चं मागचं दार उघडलं. जिथून फिल्म जाते त्या दोन आतल्या चकचकीत पट्ट्यांवर धुरकट चिकटपट्टी ताणून लावली, फिल्मच्या जागी. शटर बी वर, म्हणजे बटण दाबलेलं असेपर्यंत ते उघडं राहतं त्या खुणेवर, केबल दाबून अडकवली, शटर उघडं राहिलं. ट्रायपॉडवर कॅमेरा सिंहगडाकडे. मग मी ओढणी डोक्यावरून घेऊन कॅमेऱ्याच्या पाठीवर वाकले आणि चिकटपट्टीला भिंग लावलं.

ओढणीच्या आत काळोख होता. पट्टीवर आधी नुसता राखाडी उजेड दिसला, वर जमीन, खाली आभाळ. फोकसची रिंग फिरवत गेले. डोंगराची कड मऊ होती, मग जाड रेघ झाली, मग बारीक. रिंग आडव्या आठाजवळ आली तशी त्या रेघेवरून खाली लोंबणारं काहीतरी दिसायला लागलं, केसाएवढं. रिंग अडली. केस काळा झाला, सरळ झाला, दोन्ही कडांनी कापल्यासारखा.

"दिसतंय?" मैत्रीण बाहेरून विचारत होती.

मी बाजूला होऊन ओढणी तिच्या डोक्यावर टाकली. ती वाकली. बराच वेळ तिचा काही आवाज आला नाही. मग आतून म्हणाली, "अगं, मनोरा आभाळात खाली टांगलाय." आणि तशीच वाकून उभी राहिली. पायऱ्या चढून वर आलेली दोन मुलं तिच्याकडे बघत थांबली होती, आणि त्यांचीही पाळी यावी म्हणून मी रोलच्या डबीचं झाकण उघडायचं थांबवलं.